अरण्यप्रदेशांतील अपस्मार

ज्यास आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मिरगी म्हणतात, तोच अपस्मार. कोणी त्यास बाहेरची बाधा समजतो, कोणी पूर्वजन्मींचें पाप. वस्तुतः मेंदूचें कार्य सूक्ष्म विद्युत्-प्रवाहावर चालतें. तो प्रवाह क्षणभर अनावर झाला, कीं झटके येतात व शुद्ध हरपते. जन्मतांना बालक गुदमरणें, डोक्यास मार लागणें, हिवताप मेंदूंत चढणें, हीं त्याचीं कांहीं कारणें होत. हा रोग स्पर्शानें लागत नाहीं.

योग्य औषध मिळाल्यास शेंकडा ७० पर्यंत रोगी झटक्यांवांचून राहूं शकतात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. फेनोबार्बिटोन हें औषध १९१२ पासून वापरांत आहे व तें फार स्वस्त आहे. मग अडतें कोठें? औषध वर्षानुवर्षें, खंड न पाडतां घ्यावें लागतें. एकाएकीं थांबविल्यास झटके जोरानें उलटतात. १९८२ सालीं चंद्रपुरापासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा बहुतांशीं अरण्यमय. पर्लकोटेला पूर आला, कीं भामरागडची वाट बंद. गोळ्या संपलेल्या आणि नदी दुथडी, अशा वेळीं रोगी पुजाऱ्याकडे न जाईल तर कोठें जाईल? म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानें पावसाळ्यापूर्वींच पुरेसें औषध रोग्याच्या घरीं पोंचविणें, ही व्यवस्था मला सर्वांत निकडीची वाटते.

ती अशक्य नाहीं. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें गडचिरोलीच्या ३९ गांवांत खेड्यांतल्याच स्त्रियांस नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली. तेथील नवजात मृत्यु शेंकडा ६२ नीं घटले, हें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. जी स्त्री गुदमरलेल्या बालकास श्वास देऊं शकते, तिला गोळ्या मोजून देणें व झटक्यांची नोंद ठेवणें कां जमूं नये? निदान व मात्रा डॉक्टरांनीं ठरवावी, आणि तज्ज्ञांनीं नेमल्या दिवशीं तालुक्याच्या रुग्णालयांत यावें.

औषधाइतकीच संधीही हवी. वर्गांत एकदां झटका आला, कीं मुलाचें नांव पटावरून जातें, हें मीं शिक्षकपणांत पाहिलें आहे. रोगानें बुद्धि जातेच असें नाहीं. शाळा सुटल्यानें मात्र भवितव्य जातें. झटके चालू असतां एकट्यानें पोहणें, झाडावर चढणें, मोटार हांकणें टाळावें. शिवणकाम, बांबूकाम, दुकान, कचेरी यांस हरकत कसली? १९९९ च्या दुरुस्तीनें हिंदु विवाह कायद्यांतूनही अपस्माराची अडचण काढून टाकली आहे. कायदा बदलला, आतां घरें बदललीं पाहिजेत.

झटका आल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवूं नये, तोंडांत चमचा घालूं नये, हातपाय दाबून धरूं नयेत. रोग्यास कुशीवर वळवावें, डोक्याखालीं मऊ कापड द्यावें व घड्याळ पाहावें. पांच मिनिटांत झटका न थांबल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. आणि शुद्धीवर येतांच त्यास प्रथम दिसावा तो धीर देणारा चेहरा, बघ्यांची गर्दी नव्हे.