गोळीच्या पोटात पऱ्हाटी

तिवसा तालुक्यातला कापूस जिनिंगला गेला की रुईच्या गाठी होतात, सरकी वेगळी पडते आणि सगळ्यांचं लक्ष गाठींच्या भावाकडे. सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड लवेकडे कोण बघतो? ही लव म्हणजे लिंटर. साफ केली की जवळपास निव्वळ सेल्युलोज उरतं. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची त्यावर प्रक्रिया झाली की बनतं नायट्रोसेल्युलोज, म्हणजे रायफलच्या काडतुसातल्या बिनधुराच्या दारूचा पाया. हजार यार्डांवरचं लक्ष्य टिपणाऱ्या नेमबाजाच्या काडतुसात एका अर्थी पऱ्हाटीच पेटते!

हा शोध 1846चा, बाझलच्या शॉनबाइनचा. सांडलेलं आम्ल त्यानं बायकोच्या सुती एप्रनने पुसलं, एप्रन शेगडीजवळ वाळत घातला आणि तो भक्कन उडून गेला, असं सांगतात. गोष्टीला तिखटमीठ लागलेलं असणार. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये फॅव्हरशॅमचा कारखाना उडाला, त्याला मात्र तिखटमिठाची गरज नव्हती. हा कापूस माणसाळवायला फ्रान्सच्या पॉल व्हिएयला 1884 उजाडलं.

वर्धा नदीपलीकडच्या पुलगावात एकेकाळी कापडगिरणी होती आणि लष्कराचं अवाढव्य दारूगोळा भांडारही तिथंच. कापसाची दोन्ही टोकं एका गावात!

तोळाभर गोळी

लांब पल्ल्याचे हौशी नेमबाज परदेशात स्वतःची काडतुसं स्वतः भरतात. पितळी पुंगळी, बुडाला टोपी, आत दारू, तोंडाशी गोळी, एवढाच ऐवज. वजन मात्र ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम, आपल्या गुंजेच्या साधारण निम्मं. इंग्रजी अमलात ठरलेला तोळा बरोबर 180 ग्रेनचा होता, आणि 180 ग्रेनची गोळी रायफलवाल्यांच्या रोजच्या वापरातली. म्हणजे ती नेमकी एक तोळा, 11.66 ग्रॅम. (सराफाच्या आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यापेक्षा भरभक्कम!)

ही तोळाभर गोळी नळीतून सेकंदाला साडेआठशे मीटरच्या घरात सुटते. नळीतले पेच फूटभरात एक फेरा देणारे असतील, तर मिनिटाला दीड लाखाहून जास्त गिरक्या. तरी हजार यार्ड गाठायला तिला दीडएक सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती दहाएक मीटर खाली येते. त्याचा हिशेब दुर्बिणीच्या चकतीवर आधीच मांडता येतो. डोकेदुखी असते ती एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा वेगळा निघाला की. नुसता एक टक्का वेग कमी पडला, तरी गोळी वीतभर खाली लागते.

म्हणून काडतूस जोरदार असण्यापेक्षा मागच्यासारखं असणं महत्त्वाचं. पुंगळ्या एकाच बनावटीच्या, त्यांची लांबी सारखी, गोळी किती आत बसली तेही सारखं. झाडलेली पुंगळी फुगून त्या रायफलच्या कोठीच्या मापाची होते, शिंप्यानं अंगावर बेतलेल्या बंडीसारखी. शेजाऱ्याच्या रायफलमध्ये ती कदाचित शिरणारही नाही. नेमबाज आपल्या पुंगळ्या डबीत मोजून ठेवतात ते उगाच नाही.

तीन गोळ्यांचा भ्रम

तीन गोळ्या एकमेकींना चिकटून लागल्या की नेमबाजाला वाटतं, सापडला फॉर्म्युला! गणित त्याच्या बाजूनं नाही. तेच काडतूस, तीच रायफल, पण दहा गोळ्या झाडल्या तर गट सरासरीनं दीडपटीहून थोडा मोठाच येतो. काडतूस बिघडलेलं नसतं, तीन गोळ्यांनी खोटी आशा दाखवलेली असते. माझं मत विचाराल तर रायफलच्या बढाईतल्या निम्म्या गोष्टी या तिसऱ्या गोळीनंतर थांबलेल्या असतात.

आपल्या पदकवाल्याचं काय?

कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. 1 ऑगस्ट 2024ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुण आणि कांस्य. 1952च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते थेट 72 वर्षांनी. पण त्याच्या खेळातलं .22 काडतूस घरी भरायची सोयच नाही. त्याची स्फोटक पूड बुडाच्या कडेत दडलेली असते आणि घोड्यानं ती कड एकदा चेपली की पुंगळी कायमची कामातून गेली.

मग या पातळीवरचे नेमबाज करतात काय? ते लॉट निवडतात. कंपनी तीच, डबा तोच, किंमत तीच, पण एका लॉटची गोळी एका नळीला मानवते आणि दुसऱ्या लॉटची मानवत नाही. म्हणून रायफल शिकंज्यात आवळून लॉटमागून लॉट झाडून बघायचे आणि जमलेल्या लॉटची पेटीच उचलायची. दहाचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं असल्यावर एवढे नखरे चालायचेच.

वैशाखवणवा आणि काडतूस

मे महिन्यात अमरावतीचा पारा 45ला टेकतो तेव्हा आवाजसुद्धा जोरात पळतो: 20 अंशांना सेकंदाला 343 मीटर, 45ला जवळपास 358. तापलेल्या काडतुसाची गोळीही बहुधा जरा जास्त वेगानं सुटते. हिवाळ्यात बसवलेला नेम उन्हाळ्यात वर लागतो तो असा.

इथं कोणी घरी पुंगळ्या भरायच्या विचारात असेल, तर थांबा. 1959च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याविना काडतूस बनवणं गुन्हा आहे. भुसावळजवळच्या वरणगावात सरकारी कारखाना ते काम करतो.

इंग्लंडात बिस्लीच्या जुन्या स्पर्धेनं तर भरणीच्या कौशल्यालाच फाटा दिला होता: काडतुसं आयोजकांची, सगळ्यांना सारखी. या स्पर्धेची सुरुवात 1860ला विम्बल्डनला झाली. पहिली गोळी राणी व्हिक्टोरियाची, शिकंज्यात बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीतून, नुसती दोरी ओढून. व्हिटवर्थ हा कापडगिरण्यांच्या मँचेस्टरचा. पुढच्या वर्षी अमेरिकेत यादवी पेटली. दक्षिणेच्या नेमबाजांच्या हाती त्याच्याच रायफली आल्या, तिकडचा कापूस अडकला, मँचेस्टरचे व्यापारी कापसासाठी वऱ्हाडाकडे वळले आणि इथल्या कापसाचे भाव आभाळाला भिडले.