शिट्टी डाव्या खिशात

खासगी सुरक्षारक्षकाचा गणवेश कसा असावा, हे केंद्र सरकारच्या 2006 च्या आदर्श नियमांत बारकाईने सांगितले होते. बाहीवर एजन्सीचा बिल्ला, खांद्यावर किंवा छातीवर हुद्द्याची खूण, पायात लेसचे बूट, डोक्यावर टोपी, दोरीला बांधलेली शिट्टी. ती शिट्टी ठेवायची कुठे, तर डाव्या खिशात. शिवाय ड्युटीवर जवळ वही आणि पेन हवेच. या यादीत शस्त्र कुठेच नाही.

सोसायटीच्या सभेत मात्र सिक्युरिटीचा विषय निघाला की पहिली मागणी ठरलेली असते: ‘दणकट माणसे पाठवा.’ वही कोणी विचारत नाही. गेटवरच्या माणसाबद्दलचे अर्ध्याहून अधिक गैरसमज याच मागणीतून निघतात.

सगळ्यात पसरलेला समज म्हणजे गार्डला पोलिसांसारखे काही थोडे तरी अधिकार असतात. तसे अजिबात नाही. गेटवर उभा असलेला गार्ड आणि तिसऱ्या मजल्यावर राहणारे निवृत्त मास्तर यांचे अटकेचे अधिकार कायद्यापुढे सारखेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 40 कोणाही खासगी व्यक्तीला लागू आहे: डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, किंवा समोरचा माणूस घोषित गुन्हेगार असला, तर त्याला पकडता येते. पण विनाकारण वेळ न दवडता, जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. नव्या कायद्यानुसार पाच हजार रुपयांच्या आतली चोरी दखलपात्रही नाही. म्हणजे पार्किंगमधली जुनी सायकल नेताना कोणी सापडला म्हणून त्याला पंपहाऊसमध्ये कोंडून चोप दिला, तर चोराआधी चोप देणाऱ्यांवरच इजा पोहोचवल्याचा आणि बेकायदा डांबून ठेवल्याचा गुन्हा नोंदला जाऊ शकतो. समितीचा पदाधिकारी ‘दोन लगाव’ म्हणाला म्हणून गार्ड सुटत नाही, आणि तसे सांगणारा पदाधिकारीही सुटत नाही.

झडतीचेही तसेच. मॉलच्या दारात पिशवी दाखवणे ही आत येण्याची अट असते. जो दाखवत नाही त्याला आत सोडू नये, एवढाच गार्डचा हक्क. पिशवी हिसकावण्याचा नाही. अनेक सोसायट्यांत घरकामाला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या रोज संध्याकाळी गेटवर उलट्या करायला लावतात, कधी अंगही चाचपतात. हा अधिकार कोणत्याही कायद्याने गार्डला दिलेला नाही. चोरीचा संशय असेल तर पोलिसांना बोलवावे. दहा घरी भांडी घासून निघालेल्या बाईला चारचौघांत असे उभे करणे अपमानकारक आहे, आणि तो अपमान समितीच्या ठरावाने कायदेशीर होत नाही.

मग गार्डचे काम तरी काय? त्याचे उत्तर 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायद्याच्या कलम 18 मध्ये आहे. कामावर असताना कोणताही कायदा मोडला जातोय असे दिसले, तर गार्डने ते वरिष्ठाच्या कानावर घालायचे आणि वरिष्ठाने पोलिसांना कळवायचे. कामातून कळलेली माहिती मात्र बाहेर कुठे बोलायची नाही. पोलीस तपास किंवा कायद्याची गरज याच काय त्या सवलती. कोण कोणाकडे किती वाजता आले, हे शेजारच्या बिल्डिंगमध्ये सांगणारा गार्ड नुसता बोलघेवडा नसतो, तो कर्तव्य मोडत असतो. आणि व्हिजिटर रजिस्टरमधले मोबाइल नंबर कोणीही उतरवून न्यावेत असे ते रजिस्टर टेबलावर उघडे टाकणारी समितीही तितकीच बेफिकीर.

पाहणे, लिहिणे आणि कळवणे यांत किती ताकद असते, याचा पुरावा वॉशिंग्टनमध्ये आहे. 17 जून 1972 च्या मध्यरात्रीनंतर वॉटरगेट संकुलातला 24 वर्षांचा गार्ड फ्रँक विल्स फेरीवर होता. तळघरातल्या दाराचे कुलूप लागू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावलेली त्याला दिसली. सफाईवाल्यांचे काम असेल असे समजून त्याने ती काढली. पुढच्या फेरीत पाहतो तर पट्टी पुन्हा लावलेली. विल्स वर धावला नाही, कोणाच्या मागे लागला नाही. त्याने पोलिसांना फोन केला. डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाच जण पकडले गेले आणि त्या धाग्याच्या शेवटी ऑगस्ट 1974 मध्ये अध्यक्ष निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला. विल्सच्या त्या रात्रीच्या नोंदींचे रजिस्टर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही जपलेले आहे.

परवान्याबद्दलचा गोंधळ वेगळाच. ‘आमच्या गार्डकडे लायसन्स आहे,’ असे लोक सहज म्हणतात. ब्रिटनमध्ये ते बरोबर ठरले असते. तिथे 2001 च्या कायद्याने परवाना माणसागणिक मिळतो. आपल्याकडे तो एजन्सीला मिळतो. 2005 च्या त्या कायद्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून धंद्यातले लोक त्याला ‘पसारा लायसन्स’ म्हणतात. त्याची मुदत पाच वर्षे. मूळ कायद्यातले शुल्क एका जिल्ह्याला 5,000, पाच जिल्ह्यांपर्यंत 10,000 आणि सगळ्या राज्याला 25,000 रुपये. म्हणजे नुसते लायसन्स पाहून भागत नाही, त्यावर आपला जिल्हा आहे का तेही पाहावे लागते. परवान्याशिवाय एजन्सी चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, 25,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

गार्डला परवाना लागत नाही म्हणून कोणालाही दोरीची शिट्टी देऊन उभे करता येते, असेही नाही. वय 18 ते 65, चारित्र्याची पडताळणी आणि प्रशिक्षण बंधनकारक. आदर्श नियमांनुसार हे प्रशिक्षण 100 तास वर्गात आणि 60 तास मैदानावर, किमान 20 दिवसांत विभागलेले. माजी सैनिक आणि पोलिसांना ते कमी. त्यात आग विझवणे, प्रथमोपचार, गर्दी आवरणे, संशयास्पद स्फोटक वस्तू ओळखणे आणि पोलीस ठाण्यात फिर्याद कशी द्यायची हेही येते. रंगांधळेपणा नसावा, अशीही अट आहे. काल गावाहून आलेला पोरगा आज रात्रपाळीला उभा राहतो, तेव्हा हे 160 तास गेले कुठे, हा प्रश्न त्या पोराला नव्हे, एजन्सीला विचारायचा असतो.

पडताळणी हा नुसता कागदी सोपस्कार नाही. 2012 मध्ये मुंबईत वडाळ्याच्या एका इमारतीत तिथल्याच पहारेकऱ्याने एका तरुण वकील महिलेचा तिच्या घरात खून केला. त्याला पुढे जन्मठेप झाली. अशा घटनेनंतर सगळ्याच गार्डांकडे संशयाने पाहण्याची लाट येते, ती प्रामाणिक माणसांवर अन्याय करणारी आहे. कायदा मागतो ते एवढेच, की नेमण्याआधी माणूस कोण हे एजन्सीने नीट तपासावे.

पोलिसी थाटाच्या खाकीने किंवा लष्करी ठिपक्यांच्या कपड्यांनी वचक बसतो, असे काही एजन्सीचालकांना वाटते. कलम 21 नुसार पोलीस किंवा सैन्याचा गणवेश, किंवा तसा भास होणारा पोशाख घातला तर गार्ड आणि मालक दोघेही शिक्षेला पात्र ठरतात. बंदुकीचेही तसेच. एजन्सीच्या परवान्यात शस्त्र येत नाही. त्याला शस्त्र कायद्याखालचा वेगळा परवाना लागतो. म्हणून बारा बोअर खांद्याला लावलेला माणूस सोसायटीच्या गेटवर क्वचित, बँकेच्या कॅश व्हॅनजवळ जास्त दिसतो. त्या व्हॅनसाठी 2018 चे नियम स्वतंत्र आहेत: सोबत दोन सशस्त्र रक्षक, एका फेरीत पाच कोटींहून जास्त रोकड नाही आणि शहरांत रात्री नऊनंतर एटीएममध्ये पैसे भरायचे नाहीत.

महाराष्ट्रात आणखी एक समज आहे: ‘मंडळाचा गार्ड’ म्हणजे सरकारी नोकर. तो सरकारी नसतो. 1981 च्या राज्य कायद्याने सुरक्षारक्षक मंडळे स्थापन झाली, माथाडी मंडळांच्या धर्तीवर. मालक पगार आणि वर लेव्ही मंडळाकडे भरतो, मंडळ गार्डला पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस देते. एजन्सीच्या हाताखाली बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला हक्काचे चार पैसे मिळावेत, हा त्यामागचा हेतू.

सोसायटीने सर्वात स्वस्त दर देणारी एजन्सी निवडली, की तो दर कशातून निघाला हे साध्या गुणाकाराने कळते. माणशी दर किमान वेतनाखाली आला असेल, तर फरक गार्डच्या खिशातून जातो. प्रशिक्षणाचे तास आणि रजेवरच्या माणसाच्या जागी यायचा रिलिव्हर तिथेच कापला जातो. पुढच्या सभेत कोटेशन वाचताना सचिवांनी परवान्याची प्रत, त्यावरचा जिल्हा आणि मुदत, प्रशिक्षणाचे दाखले आणि मागच्या महिन्याचे पगारपत्रक एजन्सीकडून मागवावे. परवाना आपल्या कचेरीत दिसेल असा लावणे एजन्सीला बंधनकारकच आहे; त्याची प्रत द्यायला दिवसभरसुद्धा लागू नये.