‘ॲडमिशन करून देणारे’: गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाविद्यालयाच्या वतीने विद्यार्थी आणि पालकांना गाठणारा, माहिती देणारा आणि फॉर्म भरण्यापर्यंत आणणारा माणूस म्हणजे प्रवेश प्रतिनिधी. कार्डावर तो ॲडमिशन काउन्सेलर असतो, त्याच्यामागे लोक त्याला एजंट म्हणतात. तो कॉलेजचा पगारी कर्मचारी असतो, कमिशनवर काम करणारा कन्सल्टन्सीवाला असतो, किंवा क्लास चालवता चालवता ‘दोन-चार ॲडमिशन’ करणारा शिक्षकही असतो. या कामाचे नियम काय आहेत, हे त्यांपैकी बहुतेकांना कोणी शिकवलेले नसते. गैरसमज त्यातूनच पसरतात आणि प्रतिनिधीकडून पालकांपर्यंत पोहोचतात.

खेड तालुक्यातले निघोजे हे अशा गैरसमजांना सोयीचे गाव आहे. महिंद्राचा चाकणचा वाहन कारखाना निघोज्याच्या हद्दीत आहे. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांच्या कारखान्यांच्या पत्त्यांतही या गावाचे नाव येते. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली कंत्राटी आणि कायम कामगारांची कुटुंबे निघोजे, कुरुळी, महाळुंगे भागात भाड्याने राहतात. आळंदी, मोशी, निगडी-आकुर्डी, तळेगाव ही शिक्षणाची ठिकाणे जवळ आहेत. घरात कॉलेजची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी असेल, तर नियम विचारायला ओळखीचे कोणी नसते. प्रतिनिधी सांगेल तोच नियम ठरतो.

पहिला गैरसमज प्रतिनिधींचा स्वतःबद्दलचा आहे: ‘आम्ही बाहेरची माणसे, कायदा कॉलेजला लागतो.’ महाराष्ट्रात या व्यवसायासाठी परवाना लागत नाही हे खरे. पण परवाना नाही म्हणून जबाबदारी नाही, असे होत नाही. कॅपिटेशन फीला प्रतिबंध करणारा राज्याचा १९८७चा कायदा संस्थेने किंवा संस्थेच्या वतीने अशी रक्कम गोळा करण्यास मनाई करतो. ‘संस्थेच्या वतीने’ या दोन शब्दांत मधला माणूस सापडतो. शिक्षा किमान एक वर्ष, कमाल तीन वर्षे कैद आणि वर दंड. जागा देतो असे खोटे सांगून पैसे उकळले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली फसवणुकीचा गुन्हा होतो. त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. नियमांच्या प्रशिक्षणात पहिला तास यावरच जायला हवा.

‘डोनेशन म्हणजे देणगी, आणि देणगी कायदेशीर असते’ हा युक्तिवाद १९८७च्या कायद्यापुढे टिकत नाही. मंजूर शुल्कापेक्षा जास्त घेतलेली रक्कम, तिला विकास निधी म्हणा, इमारत निधी म्हणा किंवा आणखी काही, प्रवेशाच्या बदल्यात घेतली असेल तर ती कॅपिटेशन फीच. संस्थेला खरी देणगी घेता येते, पण तिच्या बदल्यात जागा देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने टी. एम. ए. पै (२००२) आणि पी. ए. इनामदार (२००५) या निकालांत खासगी संस्थांना बरीच मोकळीक दिली. तरी नफेखोरी आणि कॅपिटेशन फी यांना दार उघडले नाही. महाराष्ट्राने २०१५मध्ये विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांसाठी वेगळा कायदा केला. त्याखाली प्रवेश नियामक प्राधिकरण प्रवेश तपासते आणि शुल्क नियामक प्राधिकरण फी ठरवते. कोणत्या कॉलेजची मंजूर फी किती, हे त्यामुळे कोणालाही पाहता येते. ते प्रतिनिधीच्या तोंडून ऐकण्याची गरज नाही.

मॅनेजमेंट कोट्याविषयीची समजूतही याला जोडूनच येते. हा कोटा म्हणजे संस्थाचालकांच्या खिशातल्या जागा, असे बोलले जाते. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षाच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांबाहेर, संस्था स्तरावर, जास्तीत जास्त २० टक्के जागा भरता येतात, पण त्याही सूचना प्रसिद्ध करून, अर्ज मागवून, गुणवत्तेच्या क्रमानेच. शेवटी त्या प्रवेशालाही प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता लागते. ‘सीट बुक करून ठेवतो’ हे वाक्य म्हणजे जे आपल्या हातात नाही ते विकण्याचा प्रकार आहे. स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेली खासगी विद्यापीठे मात्र या केंद्रीय फेऱ्यांत येत नाहीत; त्यांचे प्रवेश त्यांच्या पद्धतीने होतात. हा फरक प्रतिनिधीने स्वतःहून सांगायला हवा, कारण पालकांना कॉलेज आणि विद्यापीठ एकच वाटते.

त्याहून महागात पडणारे वाक्य म्हणजे ‘कोट्यातून घ्या, स्कॉलरशिप नंतर लागेल.’ व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या बहुतेक शासकीय शुल्कसवलती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी मिळाली. संस्था स्तरावर प्रवेश घेतलेल्या मुलीला ती मिळत नाही. कंत्राटी कामगाराच्या मुलीला एक फेरी थांबू न देता कोट्याकडे वळवणारा प्रतिनिधी त्या घरावर चार वर्षांच्या फीचा बोजा टाकतो. त्याने खोटे काहीच सांगितलेले नसेल, नुसते सांगायचे राहिले असेल, तरी नुकसान तेवढेच.

निघोज्यात या धंद्याचे खरे गिऱ्हाईक मात्र बारावी झालेली मुले नव्हेत. ते शिफ्टमध्ये काम करणारे आयटीआय किंवा डिप्लोमाधारक तरुण आहेत. डिग्री नसल्याने बढती अडलेली असते, रजा मिळत नाही, आणि त्याच वेळी कोणीतरी सांगतो: ‘बी.टेक. घरबसल्या, फक्त परीक्षेला या.’ अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद दूरस्थ पद्धतीच्या अभियांत्रिकी पदवीला मान्यता देत नाही. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी ओरिसा लिफ्ट इरिगेशन कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांच्या अशाच पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या परिषदेची परीक्षा उत्तीर्ण होईपर्यंत स्थगित झाल्या, त्यानंतरच्यांच्या रद्दच झाल्या. त्या पदव्यांवर नोकरी आणि बढती मिळवलेली माणसे तोवर संसाराला लागली होती.

कामगाराला शिकायचा मार्ग नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४पासून नोकरी करणाऱ्यांसाठी डिप्लोमा आणि पदवीच्या वेगळ्या तुकड्यांना मान्यता देणे सुरू केले. त्यासाठी किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, नोकरीचे ठिकाण संस्थेपासून ठरावीक अंतरात असावे लागते, आणि वर्ग संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी असले तरी ते खरोखर भरतात. बी.ए., बी.कॉम.सारख्या पदव्या मुक्त विद्यापीठातून करता येतात. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९पासून आहे. दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाची मान्यता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत पाहता येते. २०२४पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याला या विभागाचा ओळख क्रमांक (डेब आयडी) स्वतः काढावा लागतो. आयोग फ्रँचायझी पद्धतीला परवानगी देत नाही. त्यामुळे गाळा भाड्याने घेऊन ‘आमच्या सेंटरमधून डिग्री’ अशी पाटी कोणी लावली असेल, तर आधी ही यादी तपासावी.

‘शंभर टक्के प्लेसमेंट, तीही चाकणमध्येच’ या दाव्यात अनेकदा शिकाऊ उमेदवारी नोकरी म्हणून मोजली जाते. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ प्रमाणे शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्याला विद्यावेतन मिळते, आणि मुदत संपल्यावर त्याला कामावर घ्यायचे की नाही हे कंपनी आपल्या धोरणाने ठरवते. कंपनीच्या गणवेशातला विद्यार्थ्याचा फोटो हा नियुक्तीचा पुरावा होत नाही. किती जणांना कायम नोकरी लागली, कितींना शिकाऊ म्हणून घेतले आणि कोणत्या वर्षी, हे तीन आकडे वेगळे सांगता येत नसतील, तर प्रतिनिधीने प्लेसमेंटचा विषयच काढू नये.

मूळ कागदपत्रे आणि परताव्याबद्दल नियम सरळ आहेत. पडताळणी झाल्यावर मूळ गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला अडकवून ठेवता येत नाही. तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमानुसार अंतिम तारखेपूर्वी प्रवेश रद्द केल्यास जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी सर्व रक्कम परत द्यावी लागते. ‘फी नॉन-रिफंडेबल आहे’ असा शिक्का पावतीवर मारून हा नियम बदलत नाही.

सीईटीच्या लॉगिनचा प्रश्न वरवर छोटा दिसतो. पासवर्ड आणि ओटीपी घेऊन ऑप्शन फॉर्म भरून देणे ही मदत समजली जाते. पण पसंतीक्रमात कोणते कॉलेज वर ठेवले, यावर पुढचे सगळे ठरते, आणि पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली की पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद होतो. कमिशन देणारे कॉलेज वर चढवायला दोन मिनिटे पुरतात. शेजारी बसून विद्यार्थ्याकडून फॉर्म भरून घेणे ही मदत; पासवर्ड स्वतःकडे ठेवणे ही नव्हे.

कमिशन मुळातच बेकायदा आहे, हा उलट बाजूचा गैरसमज. अमेरिकेने १९९२मध्ये, सरकारी विद्यार्थी-मदत घेणाऱ्या संस्थांना, प्रवेशांच्या संख्येवर प्रतिनिधीचे वेतन ठरवायला बंदी केली. ऑस्ट्रेलियाने परदेशी विद्यार्थ्यांपुरता दुसरा मार्ग धरला: २०१८च्या राष्ट्रीय संहितेप्रमाणे संस्थेने एजंटशी लेखी करार केला पाहिजे, आणि तो अप्रामाणिक निघाल्यास कारवाई केली पाहिजे. महाराष्ट्रात कमिशनवर सरसकट बंदी नाही. त्यामुळे हितसंबंध उघड करणे हा प्रशिक्षणाचाच भाग व्हायला हवा. कोणत्या कॉलेजकडून पैसे मिळतात, हे पालकांना पहिल्या भेटीत सांगणारा काउन्सेलर दुर्मीळ आहे; असे सांगणे हा नियम व्हायला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

प्रशिक्षण म्हणजे बोलायचे कसे ते शिकवणे, ही संस्थांची समजूत मात्र सगळ्यांत घट्ट आहे. संस्था प्रतिनिधीला माहितीपत्रक देते, उद्दिष्ट देते, फोन नंबरांची यादी देते. त्या यादीतली बरीच मुले अठरा वर्षांखालची असतात, आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते; कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. मंजूर फी, कोट्याचे नियम, शिष्यवृत्तीच्या अटी, परतावा आणि तक्रारीची जागा या पाच गोष्टी कागद न पाहता बरोबर सांगता आल्याशिवाय कोणत्याही प्रतिनिधीला गावात पाठवू नये. त्याच्या तोंडी आश्वासनाला अखेर संस्थाच जबाबदार धरली जाते.

तक्रारीसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या बाबतीत प्रवेश नियामक आणि शुल्क नियामक ही दोन प्राधिकरणे आहेत. कागदपत्रे अडवणे, फी परत न देणे, माहितीपत्रकात खोटी माहिती देणे यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या विनियमांनुसार प्रत्येक विद्यापीठात लोकपाल नेमणे बंधनकारक आहे. पण तक्रारीला पुरावा लागतो. म्हणून पैसे रोख देऊ नयेत, आणि पावती कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या नावाची नसेल तर देऊच नयेत.