जुना कॅमेरा, नवी पाठ

कॅमेऱ्याला पाठ असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कॅमेरा म्हटला की लोक भिंगाकडे पाहतात, कारण भिंग आपल्याकडे तोंड करून असते. चित्र उमटते ते मात्र पाठीवर. पूर्वी त्या जागी फिल्म ताणलेली असे. आता तेथे सेन्सर बसविता येतो. असा सेन्सर, त्याची बॅटरी, चित्र साठविण्याची सोय आणि पाहण्याचा लहानसा पडदा एका डबीत घालून ती डबी जुन्या कॅमेऱ्याच्या मागे अडकवावयाची, तिला छायाचित्रकार 'डिजिटल बॅक' म्हणतात. आम्ही तिला नवी पाठ म्हणू.

छायाचित्रण हा आमचा धंदा नाही. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. जे काही शिकलो ते पुस्तके मागून, माणसांना विचारून आणि यंत्रे उघडून. पण संघटनेच्या कचेरीत शेकडो जुन्या निगेटिव्हज पडून होत्या. त्यांचे काय करावे या विवंचनेत हा विषय आमच्या गळ्यात पडला, आणि मग सोडवेना.

या निगेटिव्हज बहुतेक चौकोनी आहेत; सव्वादोन इंच लांब, तेवढ्याच रुंद. त्या ज्या फितीवर घेतल्या तिला १२० नंबरचा रोल म्हणतात. कोडॅक कंपनीने तो १९०१ साली आपल्या ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढला. १२० हे कसले माप नव्हे, कंपनीच्या यादीतला नंबर आहे. कंपनीची यादी इतिहासजमा झाली, पण नंबर टिकला. आपल्याकडे हा रोल घरोघर पोचला तो बडोद्यास तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्री या साध्या कॅमेऱ्यामुळे. एका रोलमध्ये बारा फोटो. म्हणून बारसे असो की लग्न, यजमान बोटांवर मोजून फोटो काढीत. लग्नाचे छायाचित्रकार याशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा गळ्यात अडकवीत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी स्वातंत्र्याच्या सुमाराची दिल्ली टिपली, तीही स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स अशा मोठ्या निगेटिव्हच्या कॅमेऱ्यांनी.

मोठ्या निगेटिव्हचा फायदा गणिताने पाहावा. १२० च्या चौकोनी चित्राची बाजू प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ३,१३६ चौरस मिलिमीटर. पुढे सर्वत्र रूढ झालेल्या ३५ मिलिमीटरच्या फितीवरचे चित्र २४ बाय ३६, म्हणजे ८६४. साडेतीन पटींहून अधिक जागा. तेवढाच गट-फोटो साडेतीन पट जागेवर पसरला, तर प्रत्येकाच्या वाट्याला जागा जास्त येते. कामगार वस्तीत राहणाऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता नवी पाठ कोणत्या कॅमेऱ्याला बसते, हे आधी सांगितले पाहिजे. कारण घरातला जुना कॅमेरा घेऊन विचारायला येणारे पुष्कळ. क्लिक थ्रीला बसत नाही, याशिकालाही नाही. त्यांची पाठ म्हणजे बिजागरीवर उघडणारे झाकण. ती अंगाचाच भाग. स्वीडनचे व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी १९४८ साली जो कॅमेरा बाजारात आणला त्याची रचनाच वेगळी होती. मध्ये एक डबा, पुढे काढता येणारे भिंग, वर पाहण्याचे झाकण आणि मागे काढता येणारी फिल्मची पेटी. पेटीत पत्र्याची पट्टी सरकवली की रोल अर्धा संपलेला असतानाही ती काढून दुसरी लावता येई. चंद्रावर १९६९ साली माणूस उतरला तेव्हा त्याच्याजवळ हॅसलब्लाडच होता; परतताना वजन वाचविण्यासाठी कॅमेरे तेथेच ठेवले आणि पाठीमागच्या पेट्या तेवढ्या आणल्या. कॅमेऱ्यात मोलाचे काय असते, याचा याहून सडेतोड निवाडा कोणी केला नसेल. जपानच्या मामिया कंपनीनेही पेटी सुटी होणारे कॅमेरे काढले. नवी पाठ अशा कॅमेऱ्यांसाठी आहे. हॅसलब्लाडने २०२४ साली काढलेली दहा कोटी बिंदूंची पाठ १९५७ सालच्या कॅमेऱ्यालाही बसते.

आमच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८० नंतरच्या दशकात रिंगचे चाते आणले, तेव्हा जुने साचे बाजूला पडले. कारखान्यात बहुधा असेच होते : नवे यंत्र येते आणि जुन्याबरोबर त्यावर हात बसलेला माणूसही दाराबाहेर जातो. येथे निदान डबा, भिंग आणि ते वापरणारे हात यांना काम राहिले. फिल्म करणाऱ्यांना मात्र राहिले नाही. केंद्र सरकारने १९६० साली उटकमंडला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा कारखाना उभारला. 'इंदू' नावाची फिल्म तेथलीच. तो कारखाना आता बंद आहे. छायाचित्रणाची नियतकालिके नव्या पाठीचे गुण गातात त्यात या कामगारांचा उल्लेख आढळत नाही, म्हणून येथे केला.

सेन्सर म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या अतिसूक्ष्म खणांची जाळी. याचे मूळ १९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी काढलेल्या योजनेत आहे. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल मिळाले. खण केवळ उजेड किती हे सांगतो, रंग सांगत नाही. म्हणून कोडॅकच्या ब्राइस बेयर यांच्या युक्तीप्रमाणे प्रत्येक खणावर तांबडी, हिरवी किंवा निळी टिकली बसवितात. चार खणांत हिरव्या दोन. उरलेले रंग शेजारच्या खणांवरून अंदाजाने भरतात. पहिल्या पाठींना ही सोय नव्हती. १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत लीफ कंपनीची जी पाठ आली तिच्यात जेमतेम चाळीस लाख बिंदू होते, आणि रंगीत चित्रासाठी तीन रंगांच्या काचांतून तीनदा चित्र घ्यावे लागे. समोर दागिना असला तर ठीक; माणूस असला की संपले.

दुसऱ्या एका जातीच्या पाठीत जाळी नसते, खणांची एकच ओळ असते. ती चित्रावरून हळूहळू सरकते. पोथ्या, नकाशे, तैलचित्रे यांच्यासाठी ती वापरीत. भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह १९८८ साली सोडला, तोही असाच एका ओळीने पाही. ओळ स्थिर आणि उपग्रह पुढे जाणारा, एवढाच फरक. आपल्या अमरावती रस्त्यावर इस्रोचे दूरसंवेदन केंद्र आहे, तेथे अशा चित्रांवरून पिकांचा आणि पाण्याचा अभ्यास होतो.

जुना डबा आणि नवी पाठ यांचा संसार सुखाचा व्हायचा तर काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली गोष्ट मापाची. सेन्सर मोठा म्हटला तरी ५४ बाय ४० मिलिमीटरच्या आसपास. वर सांगितलेल्या २०२४ च्या पाठीत तो ४४ बाय ३३ एवढाच आहे. म्हणजे दुधी काचेवर दिसते त्याचा मधला भागच चित्रात येतो. काचेवर पेन्सिलीने चौकट आखून घ्यावी. दुसरी गोष्ट नेमक्या अंतराची. फिल्म किंचित वाकते, तिला जाडी असते, त्यामुळे थोडीफार चूक ती पोटात घालते. सेन्सर काचेसारखा सपाट. पन्नास वर्षे वापरलेल्या डब्यातला आरसा केसभर खाली बसला असेल, तर काचेवर डोळे रेखीव दिसतात आणि चित्रात कान रेखीव येतात. अशा वेळी पाठीवरच्या पडद्यावर चित्र मोठे करून पाहावे, किंवा आरसा नीट बसवणारा जुना कारागीर गाठावा. असे कारागीर आता थोडे उरले आहेत. भेटला तर त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये.

तिसरी गोष्ट उजेडाची. निगेटिव्ह फिल्मवर उजेड जास्त पडला तरी निभावते. सेन्सरचा खण एकदा भरला की भरला, पांढऱ्या टोपीची घडी मग कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणून पांढऱ्यावर नजर ठेवून उजेड मोजावा. चौथी गोष्ट आम्हा गिरणीवाल्यांच्या जिव्हाळ्याची आहे. कापड म्हणजे ताणा-बाणा, आणि सेन्सर म्हणजेही आडव्या-उभ्या ओळी. दोन्ही विणी एकमेकींवर जवळजवळ जुळल्या की चित्रात लाटा उमटतात, कधी इंद्रधनुष्यी पट्टे. कापडात असे काही नसते. अनेक पाठींमध्ये हे थोपवणारी काच मुद्दाम बसवलेली नसते, कारण तिच्याने बारकावा कमी होतो. बारीक पोताच्या हातमागी साडीचा फोटो घेताना हमखास हा त्रास होतो. कॅमेरा वीतभर मागे-पुढे केला की लाटा बहुधा जातात.

आता आमच्या निगेटिव्हजकडे वळू. जुन्या निगेटिव्हची नक्कल करायची पद्धत अशी : खालून सम उजेड देणाऱ्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, बाजूचा उजेड काळ्या कागदाने झाकायचा, आणि कॅमेरा वरून सरळ खाली रोखायचा. सरळ आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे. निगेटिव्हच्या जागी आरसा ठेवावा, भिंगाचे प्रतिबिंब बरोबर मध्यावर दिसले पाहिजे. खोलीत अंधार हवा. कॅमेऱ्यातला आरसा आधी उचलून मग शटर दाबावे, नाहीतर त्याच्या धक्क्याने सगळे मुसळ केरात.

या कामात बारकावा किती मिळतो? दहा कोटी बिंदूंच्या पाठीच्या आखूड बाजूला सुमारे ८,७०० बिंदू असतात. ५६ मिलिमीटरची निगेटिव्ह तेवढ्यात बसविली, तर दर मिलिमीटरला सुमारे १५५ बिंदू येतात. नेहमीच्या अडीच कोटी बिंदूंच्या कॅमेऱ्यात सुमारे ७०. कागदावरचा हा फरक आमच्यापुढे एका बाईंनी प्रत्यक्ष उभा केला.

एका बंद पडलेल्या गिरणीतील एका खात्याचा गट-फोटो आमच्याजवळ होता. पाकिटावर आमच्या आधीच्या कोण्या कार्यकर्त्याने रांगवार, डावीकडून उजवीकडे, नावे लिहिलेली. बाईंचे यजमान वारलेले. तरुणपणचा दुसरा फोटो घरात नाही. मुलाला तो मोठा करून हवा होता. पाकिटाप्रमाणे तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथा. आम्ही आधी साध्या कॅमेऱ्याने नक्कल करून तो चेहरा मोठा केला. बाईंनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "भाऊ, हे आमचे मालक नाही होय जी." मुलगा म्हणाला, आईची नजर आता राहिली नाही. यादी समोर, जुना छापील फोटो समोर. बाईंच्या बाजूला कसलाही पुरावा नाही.

पुढे एक ओळखीचे छायाचित्रकार दुसऱ्या कामासाठी भाड्याने आणलेली नवी पाठ घेऊन आले. त्यांनी ती निगेटिव्ह पुन्हा टिपली. त्या निगेटिव्हवर चेहरा जेमतेम एक मिलिमीटरचा, आणि छातीवरचा बिल्ला त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा. साध्या नकलेत बिल्ल्याच्या वाट्याला चौदा बिंदू आले होते, आता तीस. एवढ्यात आकडे कसेबसे वाचता येतात. आणि ते उलटे होते! म्हणजे कोण्या स्टुडिओत पूर्वी निगेटिव्ह पालथी ठेवून फोटो छापला गेला होता. पाकिटावरची यादी त्या छापील फोटोवरून केलेली नव्हती, प्रत्यक्ष रांगेवरून केलेली होती, आणि आम्ही सारे छापील फोटोत डावी बाजू शोधीत होतो. चित्र सुलटे केल्यावर डावीकडून चौथा निराळा माणूस निघाला. त्याच्या बिल्ल्याचा नंबर बाईंनी जपून ठेवलेल्या नोकरीच्या कागदावरच्या नंबराशी जुळला. मुलगा काही बोलला नाही. बाईंनी पदर नीट केला आणि एवढेच विचारले, "आता केवढा मोठा होईल जी?"

उत्तर १५५ बिंदूंचे होते. चांगल्या छपाईत मिलिमीटरला बारा बिंदू लागतात, म्हणजे चेहरा तेरा मिलिमीटरचा. थोडा धूसरपणा चालवून घेतला तर दुप्पट, पासपोर्टच्या फोटोतल्या चेहऱ्याएवढा. भिंतीवरच्या मोठ्या तसबिरीएवढा होणार नाही, हे सांगावे लागले. त्यापलीकडे मोठे केले की माणूस दिसत नाही, फिल्मचे रवे दिसतात. यंत्राने चेहरा 'सुधारून' देणारे आता पुष्कळ आहेत; पण ते नाक-डोळे यंत्राच्या पोटातून काढतात, निगेटिव्हमधून नव्हे. ज्यांच्या घरी चुकीचा माणूस थोडक्यात भिंतीवर लागणार होता, त्यांना असला चेहरा देणे आम्हांला बरे वाटले नाही.

मग प्रत्येक संस्थेने ही पाठ विकत घ्यावी काय? मुळीच नाही. वर सांगितलेली पाठ तिच्या छोट्या डब्यासह २०२४ साली ८,१९९ डॉलरला निघाली. जकात न धरताही पावणेसात लाखांच्या वर. निगेटिव्ह जागची हलत नाही, तेव्हा साध्या कॅमेऱ्याने तिचे चार-सहा तुकडे जवळून टिपून संगणकावर जोडले तरी तेवढाच बारकावा मिळतो. दहा निगेटिव्हज असतील तर तेच करावे. हजार असतील तर जोडणाऱ्याच्या मजुरीचा हिशेब मांडावा, आणि चार संस्थांनी मिळून आठवडाभर पाठ भाड्याने आणावी. सहकाराचे तत्त्व केवळ साखरेला लागू आहे असे नव्हे.

नक्कल झाली तरी फिल्म टाकू नये. ती कागदी पाकिटात, कोरड्या आणि थंड खोलीत ठेवावी. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली तर कधीच नको. पाकीट उघडताच शिरक्यासारखा आंबूस वास आला, तर फिल्मचा पाया कुजू लागला असे समजून तिची नक्कल सर्वांत आधी करावी. नव्या पाठीचे कच्चे चित्र सुमारे वीस कोटी बाइटचे असते, आणि ते प्रत्येक कंपनी आपल्याच लिपीत लिहिते. म्हणून कच्च्या चित्राबरोबर टिफ या सर्वमान्य पद्धतीची प्रतही ठेवावी, दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या माणसांच्या ताब्यात. आणि वर्षातून एकदा दोन्ही उघडून पाहाव्यात. पाकिटावरची नावे मात्र त्याच दिवशी चित्राच्या नोंदीत उतरवून घ्यावीत, आणि डावी बाजू कोणाची डावी, तेही लिहावे.