हिरव्या ठिपक्याचा पहारा

माझा मावसभाऊ नाश्ता करता करता दोनदा जिना चढायचा. का? गच्चीवरच्या लॅपटॉपचा माऊस हलवायला! पाच मिनिटं काही हालचाल नाही झाली की टीम्सवरचा हिरवा ठिपका पिवळा होतो, आणि पुण्यातल्या बॉसला वाटतं, साहेब सरोवरावर हिंडायला गेले. खालून मावशीचा आवाज यायचा, “काऊन रे, त्या टीमा संपल्या नाहीत का अजून? पोहे गार होऊन राहिले!”

जून २०२०. स्थळ लोणार. मास कॉमचं शेवटचं सेमिस्टर अधांतरी ठेवून मी मावशीकडे अडकले होते. भाऊ मार्चमध्येच पुण्याहून एक सॅक घेऊन आला होता, ‘पंधरा दिवसांसाठी’. तुमच्या-माझ्यासारखंच.

त्याच महिन्यात सरोवर गुलाबी झालं. अक्षरशः गुलाबी! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नंतर सांगितलं, की खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांची ती करामत. भाऊ लॅपटॉप घेऊन विवराच्या काठावर गेला, मीटिंग सुरू असतानाच कॅमेरा फिरवला आणि अख्खी टीम ‘वॉव’ करत राहिली. साधारण चाळीस सेकंद. मग रेंज गेली.

तेव्हापासून मला या अॅपचं कुतूहल. एवढं ऑफिस या चौकोनात मावलं कधी?

मायक्रोसॉफ्टचं ऑफिसातल्या गप्पांचं दुकान जुनंच आहे. २००७ चं ऑफिस कम्युनिकेटर, २०१० मध्ये त्याचं झालं लिंक, २०१५ मध्ये स्काईप फॉर बिझनेस. दर वेळी पाटी नवी. खरी झोप उडवली ती स्लॅकने. स्ट्युअर्ट बटरफिल्ड आणि मंडळी ‘ग्लिच’ नावाचा ऑनलाइन गेम बनवत होती. गेम आपटला, पण आपसात बोलायला बनवलेलं साधन तगलं. तेच २०१३ मध्ये स्लॅक म्हणून बाहेर आलं आणि स्टार्टअपवाल्या पोरांनी ते डोक्यावर घेतलं.

२ नोव्हेंबर २०१६ ला न्यूयॉर्कमध्ये सत्या नाडेलांच्या मायक्रोसॉफ्टने टीम्सची घोषणा केली. त्याच दिवशी स्लॅकने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन स्पर्धकाचं ‘स्वागत’ केलं, वर कानमंत्रही दिले. काय तो आत्मविश्वास! पण टीम्स मार्च २०१७ मध्ये सगळ्यांसाठी आलं ते ऑफिस ३६५ च्या पॅकेजमध्येच, वेगळे पैसे न मागता. घरात फुकट जेवण असताना हॉटेलात कोण जातं? जुलै २०२० मध्ये स्लॅकने युरोपियन कमिशनकडे तक्रार केली. ती मिटायला सप्टेंबर २०२५ उजाडलं: टीम्स नको असेल तर ऑफिस स्वस्तात द्यायचं मायक्रोसॉफ्टने कबूल केलं. तोवर स्लॅक सेल्सफोर्सचं झालं होतं, २७.७ अब्ज डॉलरला.

आणि कोविडने तर कमालच केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये टीम्स रोज वापरणारे होते २ कोटी. मार्च २०२० मध्ये ४.४ कोटी, एप्रिलअखेर ७.५ कोटी. त्या साडेसात कोटींत एक माणूस लोणारच्या गच्चीवर, छत्री धरून बसला होता. लाइट गेली की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, बॅटरी किती टक्के उरलीय ते बघत.

५ मे २०२५ ला स्काईपही बंद झालं. कंपनीने वापरणाऱ्यांना सांगितलं, टीम्सवर या. अमेरिकेतल्या मामाला आम्ही सगळे रांगेने तोंड दाखवायचो, ते स्काईप. ही बातमी मला भावानेच टीम्सवर पाठवली.

एव्हाना भाऊ लोणारचाच झाला होता. लग्न झालं, वहिनी तिथल्याच शाळेत शिकवायला लागली, काकांच्या डायलिसिसच्या वाऱ्या त्याने मीटिंगच्या मधल्या फटीत बसवल्या. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून मेहकरहून गाडी काढली की काम लवकर व्हायचं. दैत्यसुदन मंदिराच्या बाजूने चालताना तो कानात इअरफोन घालून स्टँडअप मीटिंग करायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बोलायची पाळी आली की फक्त अनम्यूट.

गेल्या हिवाळ्यात मेल आला. आठवड्यातून तीन दिवस पुण्याच्या ऑफिसात हजर राहा. त्याची कंपनी काही जगावेगळी नाही म्हणा. खुद्द मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२५ मध्ये हेच जाहीर केलं: रेडमंडच्या ५० मैलांच्या आत राहणाऱ्यांनी फेब्रुवारी २०२६ अखेरपर्यंत आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यायचं. टीम्स बनवणारीच कंपनी! मी हसले. तो हसला नाही.

“तीन दिवस पुणे, चार दिवस लोणार, करून बघ ना,” मी म्हटलं.

“डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवारी असतं ताई. ऑफिस मंगळवार ते गुरुवार.”

त्याने मॅनेजरला लांबलचक अर्ज लिहिलाय. दिवस तरी बदलून द्या, एवढंच मागितलंय. मागच्या रविवारी मी तिथे होते. त्याने टीम्स उघडून दाखवलं. मेसेजखाली दोन छोट्या बरोबरच्या खुणा होत्या की डोळ्याचं चित्र, हे बघायला मी वाकले. डोळाच होता. म्हणजे वाचलंय. उत्तर नाही.

मॅनेजरच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. रविवारी, रात्री साडेनऊला.

“त्याचाही मावसभाऊ माऊस हलवत असेल,” भाऊ म्हणाला, आणि मावशीने हाक मारली म्हणून आम्ही जेवायला खाली गेलो.