संडासात पाणी तुंबले? आधी चेंबर उघडून पाहा



पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्याला पोचले नाही, तर आपण सगळा पाट उकरून काढत नाही. खोरे खांद्यावर टाकून पाटाच्या कडेने चालत जातो आणि पाणी कुठवर आले, कुठे थांबले ते पाहतो. घरच्या संडासात पाणी तुंबले तरी रीत हीच. पण इथे माणूस गोंधळतो. कुणी ॲसिडची बाटली ओततो, कुणी पहार घालतो, कुणी ‘खड्डा भरला’ म्हणून गवंड्याला निरोप धाडतो. काही घरी तर दाराला कडी लागते आणि घरातल्या बायामाणसांना पुन्हा अंधार पडायची वाट पाहावी लागते. दोष मात्र पुष्कळदा तासाभरात निघण्याजोगा असतो.

ज्यांच्याकडे दोन शोषखड्ड्यांचा संडास आहे, त्यांनी ही माहिती नीट वाचावी आणि घरात सर्वांना वाचून दाखवावी.

पाण्याची वाट

भांड्यात ओतलेले पाणी प्रथम वाकड्या नळीत जाते. तिला आपण कोंबडा म्हणतो. या कोंबड्यात सुमारे दोन सेंटिमीटर पाणी कायम अडून राहते. तेच दुर्गंधीला आणि माशांना अडवते. पुढे पाणी चेंबरमध्ये येते. चेंबरला पुढे दोन तोंडे असतात, एकेक तोंड एकेका खड्ड्याकडे जाते. खड्ड्याच्या विटांच्या बांधकामात भोके ठेवलेली असतात. त्यांतून पाणी आणि वायू मातीत मुरतात, गाळ मागे राहतो. म्हणून या संडासाला गॅसपाइपची गरज नसते.

एका वेळी एकच तोंड उघडे हवे, दुसरे विटेने बंद हवे. बांधताना ही वीट बसवायची राहून गेली, तर दोन्ही खड्डे बरोबरीने भरतात आणि एकालाही विश्रांती मिळत नाही. आपल्या चेंबरात ही वीट आहे ना, हे आजच पाहून घ्या.

दोष शोधण्याची रीत

हातात रबरी मोजे घाला. चेंबरचे झाकण उघडा आणि घरातल्या कुणाला तरी भांड्यात अर्धी बादली पाणी एकदम ओतायला सांगा.

(१) *चेंबर कोरडे, पाणी भांड्यातच.* दोष कोंबड्यात आहे. बहुधा चिंधी, केस, गुटख्याची पुडी, राख किंवा पॅड अडकलेले असते. लवचीक बांबूची कामटी घ्या, टोकाला फडके घट्ट बांधा आणि भांड्याकडून हळूहळू मागेपुढे करा. जमल्यास चेंबरच्या बाजूनेही करा. अडकलेली वस्तू पुढे ढकलण्यापेक्षा बाहेर काढणे चांगले. लोखंडी सळई किंवा पहार कधीही घालू नका. कोंबडा फुटला तर फरशी उखडावी लागते. उकळते पाणीही ओतू नका, भांड्याला तडा जातो.

(२) *चेंबर तुंबलेले, पण खड्डा रिकामा.* दोष चेंबर ते खड्डा या पाइपात आहे. कामटीने पाइप मोकळा करा. पुन्हापुन्हा तुंबत असेल तर पाइपाचा उतार गेला असेल, किंवा झाडाचे मूळ आत शिरले असेल. तेवढाच भाग उकरून पाइप नीट बसवा.

(३) *चेंबर तुंबलेले आणि खड्डाही वरपर्यंत भरलेला.* खड्ड्याचे झाकण दोघांनी मिळून थोडे सरकवा. झाकणावर उभे राहू नका, डोके आत घालू नका, जवळ काडी किंवा विडी पेटवू नका. लांब काठी घालून पाहा. काठीला गाळ वरपासून लागला तर खड्डा खरोखर भरला आहे. नुसते पाणीच असेल तर ते मुरत नाही, एवढाच अर्थ.

पाणी मुरत नसेल तर

काळ्या जमिनीत पाणी मुळातच सावकाश मुरते. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर आले की खड्ड्यातले पाणी जायला जागाच उरत नाही. अशा वेळी खड्ड्याभोवती मातीचा उंचवटा करून पावळीचे पाणी दूर वळवा. मोरीचे आणि आंघोळीचे पाणी या खड्ड्यात मुळीच सोडू नका. ते परसबागेला द्या. उताराच्या ग्रामीण भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरते. तिथे बादल्या ओतून उपयोग नाही.

दरवर्षी हेच होत असेल तर खड्डा वर उचलून बांधावा लागेल. ग्रामपंचायतीमार्फत अभियंत्याचा सल्ला घ्या. तोवर जवळच्या विहिरीचे पाणी उकळून किंवा टीसीएल टाकून शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका. घरात पोरांना हगवण लागली की आपण खाण्यावर ठपका ठेवतो, पण तुंबलेला खड्डा आणि विहीर यांचा संबंध ध्यानात घेत नाही.

पाणी जाते, पण घाण वास येतो

कोंबड्यातले पाणी पाहा. बरेच दिवस वापर नसेल तर ते आटते. तांब्याभर पाणी ओता, वास जाईल. पाणी ओतूनही टिकत नसेल तर कोंबड्याला चीर गेली आहे, तो बदलावा लागेल. चेंबरच्या झाकणाची फट मात्र सिमेंटच्या हलक्या मालाने बुजवता येते. भांडे पाणी आणि ब्रशने घासावे. रोज फिनेल किंवा ॲसिड ओतू नये. गाळ कुजवणारे जिवाणू त्याने मरतात.

खड्डा भरला, मग काय?

घाबरण्याचे कारण नाही, दुसरा खड्डा त्यासाठीच आहे. तो रिकामा आणि झाकण धड असल्याची खात्री करा. चेंबरातले भरलेल्या खड्ड्याचे तोंड वीट व मातीने पक्के बंद करा, दुसऱ्याचे उघडा. बंद केल्याची तारीख झाकणावर किंवा भिंतीवर लिहून ठेवा.

बंद खड्ड्याला निदान एक वर्ष हात लावू नका, दीड वर्ष गेले तर उत्तम. जंतांची अंडी लवकर मरत नाहीत. मुदत संपल्यावर उन्हाळ्यात उघडा. आत काळपट, भुसभुशीत, वास नसलेली माती मिळाली तर खत तयार झाले. ओले किंवा वासाचे असेल तर पुन्हा झाका.

या सोनखताची किळस बाळगू नये. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्यापासून खत करण्याचे प्रयोग केले, ते उगाच नव्हे. हे खत आंबा, नारळ, लिंबू अशा झाडांच्या आळ्यात मातीत मिसळून द्या. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना, मुळा-गाजरांना घालू नका. काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

सेप्टिक टाकी असेल तर

हा भाग सर्वांत महत्त्वाचा. सेप्टिक टाकीत किंवा वापरातल्या खड्ड्यात कुणीही उतरू नये, कुणाला उतरवूही नये. आत विषारी वायू असतात आणि माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. त्याला काढायला धावलेला भाऊ किंवा मुलगाही आतच राहतो. अशी एकाच घरची दोन-तीन माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो.

जुन्या विहिरीत उतरण्याआधी आपण कंदील सोडून पाहतो. ती रीत इथे चालवू नका. टाकीतला वायू पेट घेतो, स्फोट होतो. टाकी यंत्रानेच उपसून घ्यावी. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कुणी आत पडलाच तर उडी टाकू नका. आरडाओरडा करा, दोर सोडा, मदत बोलवा.

घरात एवढे पाळा

भांड्यात पाणी आणि मैल्याशिवाय काही जाऊ देऊ नका. पॅड, चिंध्या, केस यांसाठी संडासात झाकणाचा डबा ठेवा. वापरण्याआधी भांडे थोडे ओले करा, म्हणजे कमी पाण्यात साफ होते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास, चेंबर उघडून पाहा. मोटारीचे आणि नांगराचे जसे आपण पाहतो, तसेच याचेही पाहावे. कामटी, मोजे आणि जुनी बादली वेगळी ठेवा. त्या वस्तू दुसऱ्या कामाला घेऊ नका.