पाट्याखालचा एक इंच

रिकामा टेम्पो मागून भरल्यासारखा दिसू लागला की समजावं, पाटे, म्हणजे लोखंडी पानांच्या स्प्रिंगा, थकले. सुरतेच्या रिंग रोडवर, कापड मार्केटांच्या दारात, असे टेम्पो पावलोपावली दिसतात. लूमवरचे ग्रे ताके पांडेसरा-सचिनच्या मिलमध्ये, रंगून-छापून आलेला माल मार्केटात आणि पार्सलं ट्रान्सपोर्टच्या गोदामात, असा फेरा दिवसभर चालू असतो. २००५ साली बाजारात आलेल्या टाटा एसला लोक छोटा हत्ती म्हणू लागले आणि बऱ्याच मालकांनी ते नाव जरा जास्तच मनावर घेतलं. गाडी पाऊण टनाची. पण हौद्यात माल रचताना वजनकाटा कोण आणतो?

उधना, लिंबायत, डिंडोली या भागात धुळे-नंदुरबार-जळगावकडून आलेल्या खानदेशी माणसांची मोठी वस्ती आहे. इथल्या गॅरेजांत मालकाशी गुजराती, पोऱ्याशी हिंदी आणि गाववाल्याशी अहिराणी असा कारभार चालतो. उधन्याच्या अशाच एका गॅरेजात मी बसलो होतो. टेम्पोवाल्याने गाडी लावली आणि उतरता उतरताच तक्रार सांगितली, “मिस्त्री, मांगे बसी गयी.” नवे पाटे टाकायचे तर हप्ता चुकतो. त्याला हवं होतं पॅकिंग, म्हणजे पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये घालायचा लोखंडी ठोकळा.

मिस्त्रींनी आधी हौदा रिकामा करून घेतला, गाडी सपाट कोब्यावर उभी केली आणि टेप काढला. मागच्या चाकाच्या मध्यापासून वर हौद्याच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं माप घेतलं. क्लिनर बाजू ड्रायव्हर बाजूपेक्षा बोटभर खाली होती. आपण डावीकडून गाडी चालवतो आणि रस्त्याचा उतार कडेकडे असतो, त्यामुळे भार त्या अंगाला झुकतो. त्यांनी मेन पाट्याचे डोळे, बुश, पिना तपासल्या. मग बॅटरी धरून प्रत्येक पान पाहिलं. एखादं पान तुटलेलं असेल तर पॅकिंगचा विषय तिथेच संपतो. इथे पानं शाबूत होती, फक्त त्यांची कमान उतरली होती.

ठोकळा किती जाड घ्यायचा, याचा हिशेब सोपा आहे. पाट्याच्या मधोमध अ‍ॅक्सल असतो, म्हणून जेवढी जाडी तेवढी उचल. शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चेसीला जोडणारा दुवा, लांब करून गाडी उचलली तर एकच टोक हलतं आणि वाढवलेल्या लांबीच्या निम्मीच उंची मिळते. मिस्त्रींनी पंचवीस मिलिमीटर ठरवलं. टेम्पोवाला म्हणाला, “अजून थोडं टाका ना.” पावसाळ्यात मीठी खाडीचं पाणी लिंबायतच्या गल्ल्यांत शिरतं, त्यात गाडी उंच असलेली बरी, असा त्याचा हिशेब. मिस्त्री म्हणाले, “दादा, मागून उचलली म्हणून पुढून पाणी थांबतं का? पुढे पॅकिंग मी टाकत नाही.” पुढच्या अ‍ॅक्सलवर ब्रेकचा मोठा जोर आणि स्टिअरिंग दोन्ही येतात, तिथे ठोकळा सरकला तर सावरायला वेळच मिळत नाही.

ठोकळ्याचं लोखंड भंगारातून येतं, पण कोणतंही चालत नाही. लाकडाचा गुटका वाळला की आकसतो, भाराने चेपतो आणि पाटा अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले पडतात. चौकोनी पाइपाचा तुकडा हलका आणि स्वस्त, पण आवळतानाच आत दबतो. लागतो तो भरीव पट्टीचा तुकडा: सव्वाशे मिलिमीटर लांब, पाट्याइतका म्हणजे साठ रुंद आणि पंचवीस जाड. असे दोन कापले की जेमतेम तीन किलो लोखंड होतं.

खरी कारागिरी भोकात आहे. पाट्याची पानं एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं खाली अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या खोबणीत बसतं, म्हणून चाक पुढेमागे सरकत नाही. मध्ये ठोकळा आला की ही पकड तुटते. ती परत आणायला ठोकळ्याच्या वरच्या अंगाला डोकं बसेल असं भोक आणि खालच्या अंगाला तशीच खुंटी लागते. पोऱ्याने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा मारून मध्य काढला, पंच ठोकला, आरपार भोक पाडलं आणि वरून ते रुंद केलं. शेजारच्या लेथवरून आणलेली खुंटी खालून घट्ट ठोकून बसवली. मिस्त्रींनी ती पकडीने हलवून पाहिली, कानशीने कडा मोडल्या आणि मगच मान डोलावली. एका बाजूचं भोक दोन-तीन मिलिमीटर चुकलं तर अ‍ॅक्सल तिरका बसतो, गाडी एका अंगाने चालते आणि टायर झिजतो.

बसवणं तासाभराचं. पुढच्या चाकांना अडसर लावून चेसी घोडीवर घेतली, अ‍ॅक्सलखाली वेगळा जॅक दिला. यू-बोल्टचे गंजलेले नट डिझेल सोडून, पान्याला पाइप लावून सोडवले. जुने यू-बोल्ट बाजूला फेकले, कारण एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. शिवाय आता इंचभर जास्त लांबी हवी होती. अ‍ॅक्सल हळूहळू खाली सोडताना मिस्त्रींचा हात ब्रेकच्या रबरी नळीवर होता. ती ताणत नाही, हे पाहिल्यावरच ठोकळे आत गेले. नट आलटून-पालटून, तिरप्या जोडीने आवळले आणि शेवटचा जोर गाडी चाकांवर उतरवल्यावर लावला.

टेम्पो मागून वर आला, टेम्पोवाला खूश झाला. मिस्त्रींचं काम मात्र संपलं नव्हतं. ते अ‍ॅक्सल आणि चेसी यांच्यामधल्या रबरी बफरकडे पाहत होते. गाडी खड्ड्यात आदळली की पाटा एका हद्दीपर्यंत वाकतो, मग अ‍ॅक्सल बफरला टेकतो आणि पाटा वाचतो. ठोकळ्याने अ‍ॅक्सल इंचभर खाली गेला, म्हणजे बफरही इंचभर उशिरा लागणार. आधीच थकलेल्या पाट्याला आता पूर्वीपेक्षा जास्त वाकायची मोकळीक मिळाली. एक पान न वाढवता पाट्याचं काम वाढलं. म्हणून मिस्त्रींनी बफरखालीही तेवढ्याच जाडीची पट्टी दिली. घाईच्या कामात हीच पट्टी राहून जाते आणि महिन्याभरात मेन पाटा तुटला की दोष लोखंडाला दिला जातो.

दुसरी गोष्ट ब्रेकची. काही पिकअपना मागे भाराप्रमाणे ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी अ‍ॅक्सलपर्यंत जाते. चेसी खाली आली की गाडी भरली असं समजून तो मागच्या चाकांना जास्त दाब देतो. अशा गाडीत पॅकिंग टाकून दांडी नव्याने जुळवली नाही, तर भरलेली गाडी व्हॉल्व्हला हलकी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. ठोकळा फार जाड असेल तर ब्रेक मारताना अ‍ॅक्सल पाट्याला पिळतो, शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याच्या सांध्यातले क्रॉस लवकर जातात. म्हणूनच एकावर एक दोन ठोकळे घालायला मिस्त्री साफ नाही म्हणतात.

कायदाही इथे आडवा येतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीतल्या तपशिलाशी आणि कंपनीने ठरवलेल्या रचनेशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. म्हणून गाडी मूळ उंचीला आणणं आणि त्या उंचीच्याही वर चढवणं यांत मिस्त्री फरक करतात. जादा मालाला तर २०१९ च्या दुरुस्तीपासून २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहेत. त्या पैशांत पाटेवाल्याकडे पानांना भट्टीत नव्याने कमान देऊन घेता येते, शिवाय हातात काही उरतं.

पॅकिंगने गाडीची मापं सुधारतात, ताकद नाही. पाटा तोच, बेअरिंग तेच, टायर आणि ब्रेक तेच. पण मागून उचललेली गाडी पाहिली की पार्सल रचणाऱ्याला वाटतं, अजून जागा आहे. पूर्वी गाडी बसलेली दिसायची, तोच एक इशारा होता. पॅकिंगने आधी तो पुसला जातो. पैसे देताना टेम्पोवाल्याने विचारलं, “आता किती भरू?” मिस्त्री म्हणाले, “काल भरत होतास त्याच्यापेक्षा कमी. आणि शंभर किलोमीटर झाले की नट आवळायला ये.”

नट आवळायला बहुतेक जण येतात. कमी भरणारे किती, ते दिवाळीआधी मार्केटाच्या दारात उभं राहून मोजावं.